लष्कराचा खर्च आणि सभागृहाची दप्तरे

फेब्रुवारी १८८० मध्ये सर जॉन स्ट्रॅची यांनी कलकत्त्यात हिंदुस्थानचे अंदाजपत्रक मांडले. तेव्हा अफगाण युद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष झाले होते. युद्धाचा एकूण बोजा साठ लाख पौंडांच्या आत राहील, आणि एवढे करूनही वर्षाअखेर हाती शिल्लक उरेल, असा त्यांचा हिशेब होता. इंग्लंडात निवडणुका तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे हा सुखद आकडा लगेच तिकडच्या भाषणांत पोचला. पण वसंत ऋतू सरेपर्यंत हिंदुस्थानातल्या तिजोऱ्यांमधली रोकड इतक्या वेगाने उतरू लागली की अंदाजपत्रक आणि तिजोरी यांचा मेळच बसेना. चौकशीअंती युद्धाचा निव्वळ खर्च पावणेदोन कोटी पौंडांच्या घरात गेल्याचे निष्पन्न झाले.

या प्रकरणात कोणी पैसे खाल्ले नव्हते. घोळ हिशेबाच्या रीतीत होता. आघाडीवर उंट, बैल, धान्य, हमाल यांच्यासाठी तिजोऱ्यांतून पैसा रोखीने जात होता. लष्करी हिशेबखात्याच्या पुस्तकात मात्र तो खर्च म्हणून चढायचा पावत्या तपासून झाल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी. तोपर्यंत तो नुसताच आगाऊ रकमेच्या खात्यात पडून. तपासलेला खर्च हाच झालेला खर्च, असे धरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला गेला. मुलकी तिजोरीतून किती रुपये लष्कराकडे गेले, एवढे कोणी वेळीच पाहिले असते तरी आकडा उघडा पडला असता. दोन्ही खाती एकाच सरकारची, दोन्हींचे कागद एकाच शहरात, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही.

लष्करी खर्च आणि त्यावरची सभागृहातली चर्चा यांच्या सरकारी नोंदींकडे वळताना हे प्रकरण मी मुद्दाम आधी घेतो. या नोंदींचा साठा अवाढव्य आहे. त्यात ढोबळमानाने तीन थर दिसतात. पहिला सभागृहांच्या कामकाजाचा. लंडनच्या पार्लमेंटचे हॅन्सार्ड, गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाचे इतिवृत्त, १९२१ पासून मध्यवर्ती असेंब्लीच्या चर्चांचे खंड, आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभा-राज्यसभेची कार्यवाही, हे सगळे त्यात येते. दुसरा थर छापील हिशेब, अहवाल आणि पार्लमेंटपुढे ठेवलेल्या 'ब्लू बुकां'चा. तिसरा खात्याच्या आतल्या फायलींचा, म्हणजे टिपणे, शेरे, मतभेद आणि पत्रव्यवहार. अभ्यासक बहुधा एकाच थरात रमतात. राजकीय इतिहास लिहिणारा भाषणे वाचतो, अर्थशास्त्राचा अभ्यासक आकड्यांचे तक्ते करतो आणि लष्करी इतिहासकार फायली उपसतो. १८८० चे भाषण तेवढे वाचणाऱ्याला स्ट्रॅची यशस्वी अर्थमंत्री वाटतील. नुसते हिशेब पाहणाऱ्याला खर्च दोन वर्षांनी कुठून उगवला हे कळणार नाही.

मूळ प्रश्न इंग्लंडातून आलेला आहे. १६८९ च्या हक्कनाम्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात राजाने खडे सैन्य बाळगणे बेकायदा ठरवले. त्याच वर्षीपासून लष्करी शिस्तीचा कायदा एका वेळी वर्षभरापुरताच मंजूर करण्याची पद्धत पडली. पैसा आणि शिस्त या दोन्हींची चावी सभागृहाने स्वतःच्या कनवटीला लावून घेतली. हिंदुस्थानच्या फौजेचे काय? ती इंग्लंडच्या अंदाजपत्रकात येतच नव्हती, कारण तिचा पैसा हिंदुस्थानच्या महसुलातून जाई. म्हणून १८५८ मध्ये कंपनीकडून कारभार राणीकडे जाताना कायद्यात ५५ वे कलम घालण्यात आले. प्रत्यक्ष आक्रमण किंवा तशीच तातडीची निकड सोडली, तर सरहद्दीबाहेरच्या मोहिमेचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय हिंदुस्थानच्या महसुलावर टाकता येणार नाही, असे ते कलम. ग्लॅडस्टनचा त्यासाठी आग्रह होता.

कलम चांगले होते, पण त्याचे रखवालदार हिंदुस्थानचे करदाते नव्हते. संमती द्यायची ती लंडनच्या मतदारांना जबाबदार असलेल्या सभासदांनी, आणि त्यांच्या मतदारांच्या दृष्टीने खर्च दुसऱ्याच्या खिशातून जाणे हेच सोयीचे! भारतमंत्र्यांचा पगारही १९१९ च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानच्याच तिजोरीतून दिला जाई. त्यामुळे पगाराच्या मागणीवर दरवर्षी मंत्र्याला धारेवर धरण्याची जी संधी पार्लमेंटला इतर खात्यांबाबत मिळे, तीही या खात्याबाबत नव्हती. हिंदुस्थानच्या हिशेबावरची चर्चा अधिवेशनाच्या शेवटी शेवटी, बाके रिकामी झाल्यावर उरकली जाई.

या कलमाखाली झालेल्या चर्चांची मालिकाच हॅन्सार्डमध्ये सापडते. पहिली मोठी चर्चा १८६७ च्या ॲबिसिनिया मोहिमेची. मुंबई फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपिअर यांच्या हाताखाली मुंबईहून सैन्य गेले. त्यांचे सामान, जहाजे, खेचरे यांचा जादा खर्च इंग्लंडने सोसला, पण फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने चालूच ठेवावा असे ठरले. युक्तिवाद असा, की हे सैनिक घरी असते तरी पगार द्यावाच लागला असता. त्याला उत्तर सोपे होते. ते इतके दिवस बाहेर राहू शकत असतील तर घरी त्यांची गरज नव्हती, आणि गरज असेल तर त्यांच्या जागी दुसरे ठेवायला हवेत. हे उत्तर पुढची पन्नास वर्षे नाना तोंडांनी दिले गेले. त्या मोहिमेचा खर्च आधी वीस लाख पौंड सांगितला होता, तो ऐंशी लाखांच्या वर गेला. नाकापेक्षा मोती जड.

हेन्री फॉसेट हे अंध प्राध्यापक-खासदार या चर्चांमधले ठळक नाव. लंडनला आलेल्या तुर्की सुलतानासाठी १८६७ मध्ये दिलेल्या मेजवानी-नाचाचा खर्च हिंदुस्थानच्या खात्यावर टाकला, तेव्हा आक्षेप घेणारे हेच. डिसेंबर १८७८ मध्ये अफगाण मोहिमेचा खर्च हिंदुस्थानवर टाकण्याच्या ठरावालाही त्यांनी विरोध केला. ठराव अर्थात मंजूर झाला. पुढे ग्लॅडस्टन सत्तेवर आल्यावर इंग्लंडने त्या युद्धापोटी पन्नास लाख पौंड दिले. ते मिळाले याचे श्रेय स्ट्रॅचींच्या फसलेल्या हिशेबाने झालेल्या बोभाट्यालाही द्यावे लागेल.

१८८२ मध्ये इजिप्त आणि १८९६ मध्ये सुदानमधील सुआकिन येथे हाच खेळ झाला. दोन्ही वेळा कलकत्त्याच्या सरकारने लंडनकडे लेखी निषेध नोंदवला. रिपनच्या सरकारने आणि एल्जिनच्या सरकारने हिंदुस्थानच्या वतीने मांडलेले मुद्दे आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने किंवा काँग्रेसच्या ठरावांनी मांडलेले मुद्दे शेजारी ठेवून पाहावेत. भाषा वेगळी आहे, युक्तिवाद जवळजवळ एकच. माझ्या मते या सगळ्या दप्तरातून कळणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे या लढ्याचे चित्र नेते विरुद्ध सरकार असे रंगवले जाते. कागद सांगतात की सरकार एकजिनसी नव्हते. कलकत्ता आणि लंडन यांच्यात बिलावरून कायम ओढाताण चालू होती. त्या ओढाताणीचे कागद ब्लू बुकांतून बाहेर येत, आणि आपले नेते तेच हत्यार उचलून सरकारवर उगारत.

याचा नमुना म्हणजे १८८५. पंजदेह येथे रशियन आणि अफगाण फौजांत झालेल्या चकमकीनंतर रशियाचे भूत उभे राहिले आणि फौजेत दहा हजार गोरे व सुमारे वीस हजार देशी शिपाई वाढवायचे ठरले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या दोघा सभासदांनी, अर्थखात्याचे सर ऑकलंड कॉल्व्हिन आणि कायदेखात्याचे सर कोर्टनी इल्बर्ट यांनी, वाढीविरुद्ध मतभेदाचे टिपण लिहिले. एवढी फौज हाताशी आली की सरहद्दीपुढे हातपाय पसरण्याचा मोह होईल, अशा आशयाची भीती त्यात होती. टिपण बाजूला पडले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ च्या आरंभी मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. कोकणातल्या कोळणीच्या सुक्या मासळीचा आणि पंजदेहच्या तोफांचा संबंध भाषणांतून लागत नाही. तो लागतो कराच्या विधेयकाची तारीख आणि लष्करी खर्चाची वाढ एका कागदावर मांडली म्हणजे. कॉल्व्हिन-इल्बर्ट यांचे मत मात्र पुढे गोखल्यांनी आपल्या मांडणीत पुरेपूर वापरले. सरकारच्याच अर्थमंत्र्याचा दाखला दिल्यावर सरकारला तो नाकारणे जड जाणारच.

गोपाळ कृष्ण गोखले या विषयाचे सर्वांत नेटके वाचक होते. त्यांची पहिली मोठी परीक्षा १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची आणि इंग्लंड-हिंदुस्थान यांच्यातल्या वाटणीची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये हा आयोग नेमला होता. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. मुंबईहून दिनशा वाच्छा, बंगालमधून सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासहून जी. सुब्रमण्य अय्यर साक्षीला गेले होते. प्रश्नोत्तरांचे ते खंड आजही वाचनीय आहेत. उलटतपासणीत मुरलेल्या अधिकाऱ्यांसमोर गोखले तिशीतच उभे होते, आणि त्यांचे आकडे कोणाला हलवता आले नाहीत, कारण ते सरकारी हिशेबातलेच होते. त्याच मुक्कामात पुण्याच्या प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी खासगी पत्रांच्या आधारे विधान केले. परत आल्यावर पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते, पुरावा देता येईना, आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. छापील सरकारी कागदाची ढाल काय कामाची असते, हे त्यांना त्या एकाच प्रवासात दोन्ही बाजूंनी कळले असावे. १९०० मध्ये आलेल्या अहवालाच्या बहुमताने किरकोळ सवलती सुचवल्या. दादाभाई, सर विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांनी वेगळा अहवाल जोडला. वाटणीचे तत्त्व समजायला बहुमताच्या अहवालापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

१८६१ च्या कायद्याखाली कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला संधी असे ती नवा कर आणायचा असेल तरच. १८९२ च्या कायद्याने दरसाल चर्चा करण्याची मुभा दिली, पण ठराव मांडायचा नाही आणि मतही घ्यायचे नाही. सभासदाने भाषण करावे, अर्थमंत्र्याने उत्तर द्यावे, व्हाइसरॉयने समारोप करावा, आणि आकडा जसाच्या तसा राहावा. या चौकटीत गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळातले आपले पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. दक्षिण आफ्रिकेत आणि चीनमध्ये हिंदुस्थानातून फौजा गेल्या होत्या. त्या गेल्या तरी इथे काही बिघडले नाही, मग एवढी फौज हवी कशाला, हा जुना प्रश्न त्यांनी ताज्या आकड्यांनिशी विचारला. सरकारकडे शिल्लक साठते आहे, म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल होते आहे, हेही दाखवले. पुढच्याच वर्षी मीठ मणामागे आठ आण्यांनी उतरले आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. मताचा हक्क नसलेल्या सभागृहात यापेक्षा मोठे यश शोधून सापडणार नाही. लष्करी खर्च मात्र वाढतच राहिला.

या भाषणांमागे गणेश व्यंकटेश जोशी उभे होते. सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करणारा हा माणूस ब्लू बुके, हिशेबांचे वार्षिक तक्ते आणि प्रांतिक अहवाल यांतून आकडे काढून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहीत असे. गोखल्यांच्या भाषणांच्या तयारीत त्यांचा हात मोठा होता. महाराष्ट्रात टिळक-गोखले वादावर जेवढी शाई सांडली, तिचा थोडा तरी हिस्सा जोश्यांच्या वाट्याला यायला हवा होता.

१९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची आणि मते घेण्याची सोय केली. पण नियमावलीत काही बाबी चर्चेबाहेर ठेवल्या. त्यांत लष्कर, आरमार, लष्करी बांधकामे होती, आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती धर्मखात्याचा खर्चही. हिंदुस्थानच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा दाराबाहेर ठेवून बाकीच्यावर मते द्या, असा हा प्रकार. कर्झन-किचनेर भांडण तोवर होऊन गेले होते. लष्कराचा पैसा आणि प्रशासन यांवर मुलकी नजर किती असावी, या वादात ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झननी राजीनामा दिला. दोघांचे खलिते पार्लमेंटपुढे छापून ठेवले गेले. कायदेमंडळातल्या सभासदांना जे विचारण्याची सोय नव्हती, ते व्हाइसरॉय आणि सरसेनापती यांनी एकमेकांना विचारलेले त्यात सापडते.

भाषणांत क्वचित येणारा आणि हिशेबांत ठाण मांडून बसलेला विषय म्हणजे इंग्लंडात होणारा खर्च, 'होम चार्जेस'. हिंदुस्थानात पाठवायच्या प्रत्येक गोऱ्या शिपायाची भरती आणि शिक्षण यांचे पैसे इंग्लंडचे युद्धखाते हिंदुस्थानकडून डोईमागे वसूल करी. १८६१ मध्ये हा दर दहा पौंड होता, १८९० मध्ये साडेसात पौंड झाला, आणि १९०८ मध्ये रोमर समितीनंतर अकरा पौंड आठ शिलिंग. हिंदुस्थानात पाच-सहा वर्षे काढून शिपाई परत गेला की इंग्लंडला तयार राखीव सैनिक फुकट मिळे, त्याची वजावट कोण करणार, असा उलट सवाल इंडिया ऑफिसच्याच फायलींत वारंवार दिसतो. त्यावर चांदी घसरली. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास दोन शिलिंग मिळत, ते १८९४-९५ मध्ये तेरा पेन्सवर आले. पौंडांतला आकडा न बदलता रुपयांतला बोजा फुगत गेला. त्या काळातले लष्करी खर्चाचे तक्ते वाचताना रक्कम पौंडात आहे, रुपयात आहे की दहा रुपयांच्या हिशेबी एककात, हे आधी पाहावे. या एका गोष्टीने भल्याभल्यांची तुलना चुकलेली आहे.

पहिल्या महायुद्धाने कागदांना वेगळा रंग आला. ८ सप्टेंबर १९१४ रोजी कायदेमंडळात राजनिष्ठेचा ठराव मांडला तो नागपूरच्या सर गंगाधरराव चिटणवीस यांनी. सैन्याच्या मदतीबरोबर युद्धाच्या आर्थिक भारातही हिंदी जनतेला वाटा उचलायचा आहे, असा त्याचा आशय होता. १८५८ च्या कलमानुसार लागणारी पार्लमेंटची संमतीही मिळाली. जनतेला विचारले कोणी, हा प्रश्न इतिवृत्तात नाही.

मार्च १९१७ चे पान तर मुंबईकरांनी आवर्जून वाचावे. अर्थमंत्री सर विल्यम मेयर यांनी हिंदुस्थानच्या वतीने दहा कोटी पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. कर्जाचे व्याज भागवायला उत्पन्न हवे, म्हणून आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के केली. देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा उत्पादन कर तसाच ठेवला. गिरणगाव वीस वर्षे ज्यासाठी ओरडत होते, ते लष्कराच्या बिलाने आपसूक पदरात टाकले! लँकेशायर खवळले. १४ मार्चला हाउस ऑफ कॉमन्समध्ये देणगी स्वीकारण्याच्या ठरावावर जी चर्चा झाली, तिचा बराच भाग कापडाच्या जकातीवर खर्ची पडला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन मागे हटले नाहीत. युद्धानंतर सगळ्या साम्राज्याच्या जकातींबरोबर याचाही फेरविचार होईल, अशी ॲस्क्विथ यांनी सुचवलेली पळवाट सर्वांनी मान्य केली. दिल्लीच्या इतिवृत्तात राजनिष्ठ देणगी आहे, तर लंडनच्या हॅन्सार्डमध्ये कापडाचा सौदा आहे.

१९१९ च्या कायद्याने असेंब्लीला मागण्यांवर मत देण्याचा हक्क मिळाला, लष्कर मात्र मताबाहेरच राहिले. फरक इतकाच की आता निवडून आलेल्यांचे बहुमत होते आणि ते गप्प बसणार नव्हते. २८ मार्च १९२१ रोजी सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने असेंब्लीने फौजेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या एशर समितीच्या शिफारशींवर ठरावांची मालिका मंजूर केली. हिंदुस्थानच्या फौजेचे काम परचक्रापासून देशाचे रक्षण आणि अंतर्गत शांतता एवढेच, साम्राज्याच्या इतर कामांचे दायित्व तिच्यावर नाही, असा त्यांचा गाभा. १९२२-२३ मध्ये लष्कराचा अंदाज ६७ कोटी ७५ लाखांवर गेला होता. काटकसरीसाठी नेमलेल्या इंचकेप समितीने तो ५७ कोटी ७५ लाखांवर आणून पुढे ५० कोटींपर्यंत उतरवावा असे सुचवले. तूट भरायला १९२३ मध्ये मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायचा घाट घातला. असेंब्लीने तो फेटाळला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. दुसऱ्या वर्षी मोतीलाल नेहरू आणि मालवीय यांच्या बाजूने पडलेल्या मतांनी सबंध वित्त विधेयकच फेटाळले गेले. लष्कराला हात लावता येत नाही तर कराला लावू, असा तो डाव होता. आजवर मिठाच्या कराचा इतिहास दांडीपासून सुरू करण्याची सवय आपल्याला लागली आहे. असेंब्लीचे हे खंड वाचले की सात वर्षे आधीच मीठ आणि तोफ यांची गाठ किती उघडपणे मांडली गेली होती ते दिसते.

नंतरचा टप्पा थोडक्यात. गोऱ्या शिपायांमागच्या डोईपट्टीचा जुना तंटा गॅरन लवादापुढे गेला आणि १९३३ मध्ये इंग्लंडने दरसाल पंधरा लाख पौंड द्यायचे कबूल केले. दादाभाईंच्या पिढीचे म्हणणे इतक्या उशिरा आणि इतक्या अपुऱ्या मापाने मान्य झाले. युद्धखर्चाच्या वाटणीबाबत इंग्लंडशी झालेल्या १९३९ च्या करारात हिंदुस्थानच्या वाट्याला शांततेच्या काळातला ३६ कोटी ७७ लाखांचा नेहमीचा खर्च, महागाईची भर आणि देशाच्या हिताची युद्धकामे आली. बाकीचे इंग्लंडच्या नावावर. कागदोपत्री हा करार आपल्या बाजूचा होता. इंग्लंडच्या नावावरचा खर्च इथे नोटा छापून भागवला गेला आणि लंडनला सुमारे १३० कोटी पौंडांची येणी साचली. ती भाववाढीच्या रूपाने कोणी आधीच भरली, हे हिशेबाच्या पुस्तकात कुठल्याच शीर्षाखाली येत नाही.

अशा न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. संस्थानिकांच्या फौजांचा खर्च मध्यवर्ती अंदाजपत्रकाबाहेर राही. मोहिमेसाठी खेड्यापाड्यांतून ओढून नेलेल्या बैलांचे, उंटांचे आणि हमालांचे पुढे काय झाले, हे सभागृहात फार थोड्यांनी विचारले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दरसाल दीड कोटी रुपये दुष्काळ-निवारणासाठी बाजूला काढण्याचे वचन दिले होते. ते अफगाण युद्धात बुडाल्याचा आरोप झाला, त्याची चर्चा सापडते. पण सोलापूर-नगरकडच्या माणसाचा आवाज तिच्यात नाही. तो मुंबई सरकारच्या महसूल खात्याच्या कागदांत, याद्या आणि अर्जांच्या रूपाने, आडवळणाने भेटतो.

सभागृहच नसलेल्या राज्याची तुलनाही उद्बोधक ठरते. पेशवे दफ्तरात सरदारांचे तैनातजाबते, सरंजामांच्या याद्या आणि थकलेल्या पगाराच्या तगाद्याची पत्रे ढिगाने आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर ४५ खंडांत त्यांतली निवड प्रसिद्ध केली. फौजेसाठी पैसा कसा उभा केला हे तिथे स्पष्ट दिसते. तो का उभा करावा, यावर कोणी उभे राहून विरोध केल्याची नोंद शोधायला गेले तर सावकाराच्या पत्राशिवाय हाती काही लागत नाही.

फायलींच्या थराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण नवा वाचक तिथेच अडखळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या लष्करी खात्याची कार्यवाही 'ए' आणि 'बी' अशा वर्गांत आहे. महत्त्वाची म्हणून छापली ती 'ए', बरीचशी न छापलेली ती 'बी'. छापील कार्यवाहीत निर्णय आणि अधिकृत पत्रे मिळतात. भांडण असते ते सोबत ठेवलेल्या टिपणांत, ज्यांना दप्तरात 'के. डब्ल्यू.' म्हणतात. एका कोपऱ्यात अर्थखात्याचा तिरकस शेरा, त्याखाली लष्करी सचिवाचे फणकारलेले उत्तर, आणि शेवटी व्हाइसरॉयची दोन शब्दांची संमती. मुंबई फौजेचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. १८९५ मध्ये इलाख्यांच्या वेगळ्या फौजा मोडल्यावर त्यांचा ओघ आटतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटे झाले. संरक्षणाच्या मागण्यांवर लोकसभा मत देते, पैसा तिच्या मंजुरीशिवाय हलत नाही. चीनच्या युद्धानंतरच्या १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात मोरारजी देसाईंनी संरक्षणासाठी ८६७ कोटी ठेवले, आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक. १९६४ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी पाच वर्षांची पाच हजार कोटींची संरक्षण योजना संसदेपुढे ठेवली. त्या काळच्या कार्यवाहीत सभासद बारकाईने प्रश्न विचारताना दिसतात. तरी एक जागा मोकळीच आहे. पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स अहवालाबद्दल २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत केलेले निवेदन आपण वाचू शकतो. मूळ अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. सभागृहाची नोंद आहे आणि तिच्या खालचा कागद बंद, असा प्रकार कर्झनच्या काळात घडला असता तर आपण त्याला काय म्हटले असते?

अलीकडचे उदाहरण मार्च २०१८ चे. संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष छापली आहे. आपली ६८ टक्के साधनसामग्री जुनाट झाली आहे आणि अंदाजपत्रकाने आशा मोडल्या, असे त्यांनी सांगितले. त्याच महिन्यात गदारोळात लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या, संरक्षणासह, चर्चेविना 'गिलोटीन' लावून मंजूर केल्या. गोखल्यांकडे भाषण होते, मत नव्हते. इथे मत होते, भाषण झालेच नाही. समितीच्या अहवालांमुळे निदान साक्ष तरी नोंदली गेली. उद्याच्या अभ्यासकाला सभागृहाच्या कार्यवाहीपेक्षा या समित्यांचे अहवालच जास्त कामाला येतील असे मला वाटते.

१९९३ च्या सार्वजनिक नोंदी कायद्यानुसार आणि संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार पंचवीस वर्षांनी नोंदी साधारणपणे खुल्या व्हायच्या आहेत. त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जुने तर बरेच हाताशी आले आहे. असेंब्लीचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायली 'अभिलेख पटल'वर चढत आहेत, आणि पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल आजही कपाटांत मिळतात. सुरुवात करणाऱ्याने वेल्बी आयोगाच्या जाडजूड खंडांत उडी मारू नये. मार्च १९१७ ची कायदेमंडळाची चर्चा आणि त्याच महिन्यातले १४ तारखेचे हॅन्सार्ड आधी घ्यावे, आणि मग त्या वर्षीचा मुंबईच्या गिरणीमालक संघाचा वार्षिक अहवाल.